परीक्षा होईपर्यंत

"एकटी आहेस का बाई? जवळ कुणी नाही ना?"

निवृत्तीच्या मामांचा फोन. मी होस्टेलच्या स्वयंपाकघरात कढईत फोडणी टाकून उभी होते. छताला चिकटवलेलं धूर हुंगणारं यंत्र कधी बोंबलायला लागेल याचा नेम नसायचा, म्हणून एका हातानं खिडकी उघडत होते, आणि खिडकीतून बर्फाचा वारा आत घुसत होता. मामांनी मला त्याआधी एकदाच फोन केला होता, निवृत्ती जर्मनीत उतरला त्या दिवशी, पोरगं नीट पोचलं का ते विचारायला.

"एकटीच आहे. बोला मामा."

"दाजी गेले."

मला आधी कळेचना, कुठं गेले. मग मामांचा हुंदका ऐकू आला.

"सकाळी दुकानातच. पाण्याची मोटार उघडून बसले होते, तसेच कलंडले. दवाखान्यात न्यायला पण वेळ दिला नाही माणसानं."

"अरे देवा! थांबा, निवृत्ती लायब्ररीत आहे, मी आत्ता जाऊन त्याला घेऊन…"

"नाही! अगं त्याच्यासाठीच तर तुला फोन केला. त्याला कळता कामा नये."

मोहरी जळून कोळसा झाली होती. मी शेगडी बंद केली.

निवृत्ती डोईफोडे म्हणजे गंगाखेडचं पोरगं. वडिलांचं तिथं मोटार दुरुस्तीचं दुकान. जळालेल्या मोटारीची तार उतरवायची, नवीन भरायची, हाच त्यांचा जन्मभराचा धंदा. त्यांच्या शेजारी बसून तार गुंडाळता गुंडाळता हे पोरगं इलेक्ट्रिकल शिकलं आणि पुढचं शिकायला पूर्व जर्मनीतल्या आमच्या त्या छोट्या गावात येऊन पडलं. मी कराडची, त्याच्याहून थोडी मोठी, वर्षभर आधी आलेली. नाव ऐकल्या ऐकल्या मी त्याला म्हटलं होतं, "नोकरी लागायच्या आधीच निवृत्ती?" तर तो म्हणाला, "आज्याचं नाव आहे ताई, मी काय करू?" आणि असा काही लाजला, की त्या दिवसापासून मी त्याला माझ्या ताब्यातच घेतला. भात कुकरमध्ये किती पाण्याचा, कचरा कुठल्या रंगाच्या डब्यात, रविवारी दुकानं बंद म्हणून शनिवारीच दूध आणायचं, सगळं मी शिकवलं. कंट्रोल सिस्टिम्स तेवढं मला शिकवता येण्यासारखं नव्हतं.

आणि नेमकं तेच त्याच्या मानगुटीवर बसलं होतं. आमच्याकडं एका विषयाला तीनदाच बसता यायचं. तिसऱ्यांदा नापास झालात की नाव कापलं, नाव कापलं की व्हिसा गेला, व्हिसा गेला की सामान बांधून घरी. निवृत्ती कंट्रोलमध्ये दोनदा नापास झाला होता. तिसरी खेप तोंडी होती आणि ती तीन आठवड्यांवर आली होती. घरी सगळ्यांना हे माहीत होतं, कारण या पोराला आईपासून काही लपवता यायचं नाही. म्हणजे असं मी तेव्हा समजत होते.

"आक्काचंच सांगणं आहे," मामा म्हणत होते. "दाजींना अजून उचललं पण नाही, ती भिंतीला टेकून बसलीय, अन् पहिलं वाक्य काय बोलली? 'माझ्या लेकराला परीक्षा होईपर्यंत सांगू नका.' आता तूच सांग, तिचं नको ऐकू तर कुणाचं ऐकू?"

"मामा, बाप गेलाय त्याचा."

"म्हणूनच म्हणतो. तो येईपर्यंत राख गार होईल इथं. अग्नी काय, चुलतभाऊ देईल. अन् एकदा आला की आईला सोडून परत जाईल का तो परीक्षेला? बापाला एकच ध्यास होता, पोरगं शिकून यावं. शलाका, तू त्याची थोरली बहीण समज. एवढं कर."

मला नाही म्हणता आलं नाही. आपल्याकडं असंच करतात, मीही पाहिलेलं. माझ्या मावसबहिणीला तिची आजी गेल्याचं बारावीचा शेवटचा पेपर झाल्यावर रिक्षात सांगितलं होतं, आणि सगळे म्हणाले होते, बरं झालं, पोरीचं वर्ष वाचलं.

दुपारी निवृत्ती आला. बूट झटकले, नाक वर करून वास घेतला.

"काय जाळायलीस ताई?"

"तुझं नशीब," मी म्हणाले आणि जीभ चावली. रोज अशीच बोलायचे मी त्याला, सवयीनं निघून गेलं. तो हसला, ताट घेऊन बसला, दोनदा भात घेतला. मी समोर बसून त्याला जेवताना पाहत होते. बापाला तिकडं न्यायची तयारी चाललेली आणि इथं हा लोणच्याची बरणी शोधतोय. मी माझं ताट तसंच बाजूला सारलं.

"तुला काय झालं?" त्यानं विचारलं.

"डोकं दुखतंय."

"मग झोप की. भांडी मी घासतो."

दुसऱ्या दिवसापासून तो एकदम गप्प झाला. परीक्षेचं टेन्शन, मी मनाशी म्हटलं, आणि खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं झालं. बडबड्या माणसाशी खोटं बोलायला जास्त मेहनत पडते. आईचा रोजचा व्हिडिओ कॉल मात्र चुकत नव्हता. स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून तो बोलायचा आणि मी भाजी चिरायचं निमित्त करून कान देऊन उभी राहायचे. न जाणो, तिकडं कुणी बोलून गेलं तर फोन हिसकावून घ्यायची माझी तयारी.

"बाबा झोपलेत रे," काकू सांगायच्या. "ताप होता थोडा, गोळी दिलीय."

"झोपू दे. उठवू नको."

दुसऱ्या दिवशी बाबा दुकानात. तिसऱ्या दिवशी बाबा परभणीला सामान आणायला. बाईला एकाहून एक कारणं कुठून सुचत होती कोण जाणे. आणि हा आपला, "बरं बरं, सांग त्यांना जास्त दगदग करू नका म्हणून." एकदा तर त्यानं वडिलांचं नावच काढलं नाही, तेव्हा काकूच घाईघाईनं म्हणाल्या, "तुझ्या बाबांनी विचारलंय, जेवतोस का नीट." मी सुरी खाली ठेवून बाथरूममध्ये गेले, नळ सोडला आणि रडले. कसलं हे पोरगं, मला वाटलं, याला काहीच कसं जाणवत नाही!

नंतरचा एक रविवार. मी उठून चहाला आले तर भाताचा कुकर धुऊन पालथा घातलेला, अजून ओला. निवृत्ती रविवारी इतक्या लवकर उठतो कुठला? त्यातून सकाळी सकाळी भात कशाला? ओट्यावर काहीतरी सांडलं होतं, म्हणून फडकं मारायला गेले आणि हात तिथंच थांबला. काळे तीळ होते. भात आणि काळे तीळ कशासाठी लागतात ते आपल्या घरातल्या पोरीला सांगावं लागत नाही. मी बोटांवर दिवस मोजले. दहावा होता.

चपलेवरच पळत सुटले. होस्टेलच्या मागं नदी होती, फार मोठी नाही, काठाला बर्फ धरलेली. पुलाच्या खालच्या अंगाला तो उभा होता. डोकं तुळतुळीत. एवढ्या थंडीत टोपी काढून हातात घेतलेली. समोर बर्फावर पानाच्या जागी कागदी प्लेट, तिच्यावर पिंड मांडलेले. पलीकडच्या उघड्या झाडावर कावळे बसले होते, करड्या अंगाचे, अगदी आपल्याकडच्यासारखे. एकही खाली यायला तयार नव्हता.

त्याला माझी चाहूल लागली नाही. तो कावळ्यांकडं बघून बोलत होता. कावळा शिवेना की घरचे लोक बोलतात तसंच, गेलेल्याचा जीव कशात अडकला असेल ते एकेक चाचपून बघत.

"बाबा, दुकान बंद पडू देणार नाही. बाबा, आईकडं मी बघतो. मी पास होतो, बाबा. शपथ घेऊन सांगतो, पास होतो."

कावळे हलले नाहीत.

एवढ्यात वरच्या रस्त्यानं एक म्हातारी कुत्रं घेऊन चाललेली, ती थांबली. थांबली ती थांबली, खाली उतरून आली. काठीनं एक पाटी दाखवून तिनं त्याला सुनावलं, की इथं पक्ष्यांना खायला घालायला बंदी आहे, भात खाऊन पक्षी आजारी पडतात, एवढी साधी गोष्ट विद्यापीठात शिकणाऱ्याला कळू नये? हे उचला आत्ताच्या आत्ता.

"माफ करा," निवृत्ती म्हणाला.

आणि तो खाली वाकला. एकेक पिंड उचलून डब्यात भरायला लागला.

माझं डोकंच फिरलं. मी तशीच उताराला घसरत खाली गेले आणि तिच्यावर ओरडले, तेही मराठीत, कारण त्या वेळी दुसरी कुठली भाषा तोंडात यायलाच तयार नव्हती. "अहो बाई, बाप गेलाय त्याचा! डोळे फुटले का तुमचे? बापाचं जेवण आहे ते!" म्हातारी दोन पावलं मागं सरली, कुत्र्याची दोरी आवळली आणि पुटपुटत निघून गेली. आता वाटतं, तिला बिचारीला काय माहीत, ती पाखरांच्या भल्याचंच सांगत होती. पण त्या क्षणी तिला नदीत ढकलावंसं वाटलं होतं मला.

निवृत्ती डब्याचं झाकण लावत होता. बोटं लाल झाली होती.

"तुला मामांनी सांगितलंय ना?" त्यानं माझ्याकडं न बघताच विचारलं.

"हो."

"वाटलंच. त्या दिवशी तू मला भात वाढताना रडायलीस असं वाटलं."

"तुला कधी कळलं?"

"त्याच दिवशी संध्याकाळी. गावच्या शाळेतल्या माझ्या वर्गातल्या एकानं स्टेटस ठेवलं होतं. भावपूर्ण श्रद्धांजली, अन् बाबांचा दुकानातला फोटो." त्यानं लाल बोटांवर फुंकर मारली. "मामांनी सगळ्या गावाला दम दिला असंल. हा एकटा राहून गेला."

"अरे मग बोलला का नाहीस? निदान माझ्याशी? मी इथं वेड्यासारखी पहारा देत बसलेय!"

"तुला सांगितलं असतं तर तू मामांना सांगितलं असतं, अन् मामांनी आईला." आता त्यानं माझ्याकडं बघितलं. "ताई, आई रोज फोनवर कशी येते बघितलंस का तू?"

मी पाहिलं नव्हतं. मी फक्त ऐकत होते.

"कुंकू लावून येते. मंगळसूत्र घालून, नीट पदर घेऊन. तिसऱ्या दिवशी पण तशीच आली. फोन यायच्या आधी लावायचं अन् ठेवला की पुसायचं. घर पाहुण्यांनी भरलेलं असंल, बायका बघत असतील, काय काय बोलत असतील. अन् ही माझ्यासाठी आरशापुढं उभी राहून कुंकू लावायलीय." त्याचा आवाज फाटला. "ती एवढं करायलीय, तर मला गप्प बसायचं जमू नये का?"

मी त्याला जवळ घेतलं आणि आम्ही दोघं त्या नदीकाठी ढसाढसा रडलो. भादरलेलं डोकं माझ्या खांद्यावर, बर्फासारखं गार. कावळे झाडावरच बसून राहिले. नंतर तो एकटाच पुलावर गेला आणि डबा नदीत मोकळा करून आला.

त्या दिवसापासून तो टोपी घालून फोनवर बसायला लागला. "थंडी फार आहे आई," म्हणायचा. तिकडून ती नवऱ्याचा निरोप सांगायची, इकडून हा बापाला निरोप धाडायचा. मामांचा मला फोन यायचा, "त्याला काही संशय नाही ना?" आणि मी म्हणायचे, नाही मामा. कोण कुणाला फसवतंय याचा हिशेबच राहिला नाही. इतकं गुदमरायला झालं की एकदा मी त्याला धरून बसवलंच.

"निव्या, तू परीक्षा पुढं ढकल. वडील गेलेत म्हटल्यावर इथं कुणीही नाही म्हणणार नाही. प्राध्यापक चांगला माणूस आहे. पुढच्या सत्रात दे. तू वाचतोस कुठं? तासन् तास एकच पान उघडून बसलेला असतोस, मला काय दिसत नाही?"

"अन् आईला काय सांगू?"

"सांग, परीक्षा पुढं गेली."

"परीक्षा पुढं गेली म्हणजे तिचं कुंकू पण पुढं गेलं," तो म्हणाला. "अजून सहा महिने लावील ती. तुला माहीत नाही आमची आई. पोटातलं रडू पोटात ठेवून लावील. नाही ताई. ठरल्या दिवशी परीक्षा देणार. तिला एकदाचं रडायला मिळालं पाहिजे."

"आणि नापास झालास तर?"

"होत नाही मी नापास," तो म्हणाला आणि पुस्तक उघडलं.

परीक्षेच्या दिवशी मी त्याच्याबरोबर गेले. बळंच दहीसाखर चारली, शर्टाची कॉलर नीट केली. प्राध्यापकांच्या खोलीबाहेर लांब बोळ, एक लाकडी बाक, भिंतीला जुन्या जनित्राचं चित्र. तो आत गेला आणि मी बाकावर बसून येतील तेवढ्या देवांची नावं घेतली. आतून प्राध्यापकांचा शांत आवाज यायचा, मग निवृत्तीचा, मग परत प्राध्यापकांचा. मग बराच वेळ एकाच माणसाचा आवाज येत राहिला, आणि तो निवृत्तीचा नव्हता.

तो बाहेर आला. "थांबायला सांगितलंय. आत ठरवायलेत."

"कसं गेलं?"

तो भिंतीवरच्या जनित्राकडं बघत राहिला. थोड्या वेळानं दार उघडलं, प्राध्यापकांनी त्याला नावानं हाक मारली. आत जेमतेम दोन वाक्यं बोलायला लागतात तेवढाच वेळ गेला. बाहेर येताना प्राध्यापक त्याच्या पाठोपाठ दारापर्यंत आले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला, माझ्याकडं बघून मान हलवली आणि हळूच दार लावून घेतलं. मला जे कळायचं ते कळलं.

निवृत्ती बाकावर बसला.

"सुरुवातीचं सगळं आलं मला," तो म्हणाला. "मग त्यांनी मोटारीचं विचारलं. सोपं होतं ताई. लोड वाढला की मोटार काय करते, एवढंच. मला सोपं जावं म्हणूनच विचारलं असंल त्यांनी. अन् मला बाबाच दिसायला लागले. मोटार उघडून बसलेले. तोंडातून शब्दच निघंना. पाणी दिलं त्यांनी, परत विचारलं, अजून एकदा विचारलं. मी नुसता बसून राहिलो."

"तू सांगायचंस ना त्यांना! आत्ता जाऊन सांग. चल ऊठ, मी सांगते."

"निकालावर सही झाली ताई."

मी उठलेली परत बसले. तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजायला लागला. आईचा होता.

"उचलू नकोस," मी म्हणाले. "आधी विचार कर काय सांगायचं ते."

"सकाळपासून वाट बघायलीय ती." त्यानं फोन उचलला. त्या बोळात इतकी शांतता होती की पलीकडचा शब्द न् शब्द मला ऐकू येत होता.

"निवृत्ती? काय झालं रे?"

"पास झालो, आई."

मी त्याचा दंड धरला. त्यानं माझा हात हळूच काढून बाकावर ठेवला.

"खरंच?"

"खरंच. चांगले मार्क पडले."

मग काकू म्हणाल्या, "बस कुठंतरी. बसलास का? जवळ कुणी आहे का?"

"ताई आहे. बसलोय."

"लेकरा, तुझे बाबा…" आणि पुढं शब्द नव्हते. इतक्या दिवसांचं साठवलेलं सगळं एकदम फुटलं. मी तसं रडणं त्याआधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही ऐकलं नाही. निवृत्तीही रडत होता, तोंड दाबून, पुढं वाकून. नाटक करायची गरजच पडली नाही.

"कधी?" त्यानं विचारलं. ज्याला ठाऊक नाही त्यानं हे विचारायलाच हवं होतं. तिनं सांगितलं. त्यानं सगळं पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकलं, दुकान, मोटार, अग्नी कुणी दिला.

"मला का नाही सांगितलं आई?" हेही त्यानं विचारलं.

"कसं सांगू रे? तुझं वर्ष गेलं असतं. त्यांचा जीव तुझ्या शिक्षणात अडकला होता. दहाव्याला कावळा शिवंना, दुपार झाली. शेवटी मीच म्हटलं, 'पोरगं पास होतंय, जावा तुम्ही,' तेव्हा कुठं शिवला." ती परत रडली, मग नाक ओढत म्हणाली, "तू माझा शब्द राखलास बाबा. आता पेढे आणायला पाठवते. आधी त्यांच्या फोटोपुढं ठेवते, मग गल्लीत वाटते."

त्यानं फोन माझ्या हातात दिला आणि भिंतीकडं तोंड फिरवलं.

"शलाका," काकू म्हणाल्या, "तू होतीस म्हणून झालं गं बाई. तू त्याला काही कळू दिलं नाहीस, म्हणून माझं पोरगं पास झालं. ठेवू ना गं पेढे आता?"

मी निवृत्तीकडं पाहिलं. पाठमोऱ्यानंच त्यानं मान हलवली.

"ठेवा काकू," मी म्हणाले.